दोन नंबरच्या खोलीतलं प्रेशर

६ जानेवारी, सोमवार
१. सकाळी मीटिंग झाली.
२. मोठ्या बाईंनी खोल्या वाटल्या. एक नंबरची, खिडकीची, नर्सला. दोन नंबरची, जिथे आजवर मोडक्या खुर्च्या ठेवत होते ती, मला.
३. मी आक्षेप नोंदवला.
४. मोठ्या बाई म्हणाल्या, प्रेशर मोजायला उजेड लागत नाही.
५. नर्स हसली.
६. मीटिंग संपली.

ऑफिसची वही ऑफिसची. ही माझी. इथे फक्त सत्य लिहायचं, तेही थोडक्यात. नर्सचा उल्लेख यापुढे ‘हसरी’ असा करीन. आकडेमोड बघणारा जो आहे, त्याला सगळे आधीपासूनच ‘सरासरी’ म्हणतात. त्यात बदल करण्याचं कारण दिसत नाही.

मोठ्या बाई आमच्या अभ्यासाचं वर्णन दर पाहुण्याला वेगळं करतात, म्हणून मूळ रूप नोंदवते. तीनशे माणसं, कोणीही प्रेशरची गोळी न घेणारं. आम्ही प्रेशर मोजायचं. पलीकडच्या इमारतीत त्यांचं हृदय जाड झालंय का, रक्तवाहिन्या ताठरल्यात का आणि किडनीतून प्रथिनं गळतात का, हे तपासायचं. प्रश्न एवढाच की वाढलेलं प्रेशर आधी कोणाचं काय बिघडवतं. ज्याचं प्रेशर फार, त्याला त्याच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी द्यायची.

विषम नंबरची माणसं हसरीकडे, सम नंबरची माझ्याकडे.

निश्चय : या वर्षी पहिलं नाव माझं असलेला एक पेपर. बाकी कोणाशी बोलण्याची गरज नाही.

९ जानेवारी, गुरुवार
पद्धत बसवली. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर, हृदयाच्या उंचीला. मग पाच मिनिटं पूर्ण विश्रांती. सगळे इथेच चुकतात. लोकांना विश्रांती घेता येत नाही. ती त्यांच्याकडून करवून घ्यावी लागते. म्हणून मी अगदी समोर स्टूल टाकलं आहे. स्टॉपवॉच हातात धरून पाचही मिनिटं त्यांच्याकडे बघत बसते. कोणी हललं की घड्याळ पुन्हा शून्यावर. आज एका बस ड्रायव्हरला चार वेळा शून्यावर आणलं. शेवटी घामाघूम होऊन का होईना, पण दगडासारखा बसला. याला म्हणतात विश्रांती. १७२/९८.

ती पाच मिनिटं फुकट जाऊ नयेत म्हणून मी थोडी माहितीही देते. मेंदूतली रक्तवाहिनी कशी फुटते, किडन्या गेल्यावर आठवड्यातून किती वेळा मशीनला जोडून घ्यावं लागतं, वगैरे. लोक फार लक्ष देऊन ऐकतात. काही तर श्वास रोखून.

स्वतःचं मोजलं. ११२/७०. या इमारतीत शांत डोक्याचं माणूस एकच आहे, याचा लेखी पुरावा.

१५ जानेवारी, बुधवार
भिंतीतून हसण्याचे आवाज. मोजताना बोलायचं नसतं, हा पहिला नियम. हसरी बेकरीवाल्याला मुलीच्या परीक्षेचं विचारत होती. दंडाला बांधायचा कफ आधी स्वतःच्या तळहातांत धरून गरम करते म्हणे. काका, गार लागेल हं. मावशी, दमलात का जिना चढून? नातेवाईक जमवायला ही जागा नाही.

तिची आजची रीडिंगं : १२६, १३१, १२२. माझी : १६४, १५८, १७०. ज्या खोलीत नियम पाळले जात नाहीत, तिथे प्रेशर सापडणार कुठून?

बाहेरच्या बाकावर बसलेल्या शिंपीणबाईंनी आपला नंबर सम आहे ना, हे दोनदा विचारलं. हो म्हटल्यावर डोळे मिटून पुटपुटल्या. श्रद्धाळू दिसतात.

१९ जानेवारी, रविवार
दादाकडे गेले. मशीन नेलं. बाबांना दर रविवारी मोजण्याचं ठरवलं आहे. ते चित्रकलेचे मास्तर होते. आयुष्यभर मुलांच्या झाडांना निळी पानं चालवून घेतली, त्यामुळे शिस्त मुळातच कमी.

वहिनीने दार उघडलं आणि आत बघून म्हणाली, बाबा, बाही वर करा, इन्स्पेक्टर आल्या. वहिनीचे विनोद मी नोंदवत नाही. हा नमुना म्हणून नोंदवला.

बाबांनी ‘ये’ म्हणायच्या आधी हात पुढे केला. चांगली सवय लागते आहे. १६८/९४.

मिठाची बाटली जप्त केली. वहिनी म्हणाली, वन्सं, आता आमची जीभसुद्धा घेऊन जा. बाबा हसू लागले, मी बघितल्यावर थांबले. पुन्हा मोजलं. १७४.

२८ जानेवारी, मंगळवार
सरासरी कागद घेऊन आला. म्हणाला, सम आणि विषम नंबरांत चोवीसचा फरक आहे. चिठ्ठी टाकल्यासारखी माणसं वाटली आहेत, म्हणजे दोन्ही खोल्या साधारण सारख्या यायला हव्यात. काहीतरी गडबड आहे.

मी म्हटलं, आहेच. एक नंबरच्या खोलीत आहे.

कारण उघड आहे. हसरी सगळ्यांना मोठा कफ बांधत असणार. दंडाच्या मानाने कफ मोठा झाला की आकडा खाली येतो, हे शाळेतल्या मुलालाही समजावता येईल. लेखी तक्रार दिली. मोठ्या बाई म्हणाल्या, तिला आधी नुसतं विचारून बघायचं होतंस. तोंडी विचारणा ही तोंडदेखली असते. मी करत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार
कफ अदलाबदल केले. फरक तसाच.

मशीनं अदलाबदल केली. फरक तसाच. म्हणजे हसरी चांगलं मशीनही बिघडवते. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

खुर्च्या बदलण्याची सूचना सरासरीची. मी हसण्यावारी नेणार होते, पण हसण्यावारी नेणं मला जमत नाही, म्हणून बदलल्या. हसरीने स्वतः माझी खुर्ची उचलून नेली आणि वाटेत म्हणाली, ताई, तुमच्या खोलीत फार गार वाटतं हो. थर्मामीटर लावला. दोन्ही खोल्यांत एकच तापमान. तिला कळवलं.

फरक तसाच.

९ फेब्रुवारी, रविवार
घरचे डॉक्टर म्हणतात, बाबांचं त्यांच्याकडे १३६ आलं. मी विचारलं, बाही वर केली होती? पाच मिनिटं बसवलं होतं? समोर कोण बसलं होतं? ते म्हणाले, समोर कोणी नाही, आम्ही दोघं नातवाच्या चित्रांबद्दल बोलत होतो. झालं! मी माझी सगळी रीडिंगं त्यांच्यासमोर ठेवली, आलेखासकट. अर्धा तास समजावलं. त्यांच्या कपाळावर घाम आला. शेवटी त्यांनी बाबांची रोजची गोळी दुप्पट केली. ज्ञानापुढे माणूस वाकतो तो असा.

परत येताना बाबा जिन्यात एवढंच म्हणाले की तू लहानपणी माझ्या चित्रांतल्या खिडक्यासुद्धा पट्टीने मोजायचीस. कौतुक असावं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
शोध लागला आहे.

पलीकडच्या इमारतीतले रिपोर्ट आले. माझ्या खोलीतल्या एक्केचाळीस जणांचं प्रेशर एकशे साठच्या वर आहे. त्यांच्या किडन्या गळायला हव्या होत्या. हृदयं जाड व्हायला हवी होती. रक्तवाहिन्या जुन्या रबरी पाइपसारख्या कडक व्हायला हव्या होत्या. पण एकालाही काही नाही. किडन्या स्वच्छ, हृदयं मऊ, रक्तवाहिन्या विशीतल्या. बस ड्रायव्हर : काही नाही. शिंपीणबाई : काही नाही.

म्हणजे यांच्या रक्तात असं काहीतरी आहे, जे प्रेशरचा मार अवयवांपर्यंत पोचू देत नाही. ते मला सापडलं, की जगातल्या निम्म्या डायलिसिसच्या खाटा रिकाम्या.

नाव दिलं : अभेद्य गट.

पलीकडच्या तपासण्यांवर शंका घेण्यासारखं काही नाही. तिथला माणूस अंधाऱ्या खोलीत लोकांना झोपवतो आणि त्यातले निम्मे घोरतात. तो त्यांना उठवतही नाही. आळशी आहे, पण यंत्र अचूक आहे.

कोणालाही सांगायचं नाही. रक्ताचे नमुने ठेवतो त्या फ्रीझरच्या माझ्या कप्प्याला कुलूप लावलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार
मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. आनंदाने डोळे भरून आले असतील, असं मला वाटलं. मग म्हणाल्या, हे एक्केचाळीसही सम नंबरचेच का गं? मी म्हटलं, कारण विषम नंबरांचं प्रेशर कोणी नीट मोजलंच नाही. त्या म्हणाल्या, सरासरीला एकदा बघू दे. सरासरीने बघितलं आणि डोकं खाजवलं. कोल्ह्याला द्राक्षं आंबट.

पेपरची पहिली ओळ लिहिली. खोडली. पुन्हा तीच लिहिली.

२३ फेब्रुवारी, रविवार
बाबांच्या लघवीचा आणि हृदयाचा रिपोर्ट : सगळं स्वच्छ. प्रेशर दोन गोळ्यांवरही १६६. म्हणजे बाबा अभेद्य! म्हणजे हे आनुवंशिक असू शकतं, म्हणजे ते माझ्यातही असणार. आमच्या रक्तातच आहे.

बाबांना सांगितलं की तुम्ही विज्ञानाच्या दृष्टीने फार मौल्यवान आहात. ते म्हणाले, मग ती गोळी कमी करता येईल का, सकाळी उठलं की घर फिरतं. मी म्हटलं, घर फिरत नाही, बाबा, आणि या टप्प्यावर गोळी बदलली तर आलेख बिघडेल. ते बरं म्हणाले. त्यांचं हेच चांगलं आहे, वाद घालत नाहीत.

वहिनी भांडी आपटत होती. तिचं मोजण्याची तयारी दाखवली. म्हणाली, वन्सं, माझा हात रिकामा नाही आणि रिकामा झाला तर बरं होणार नाही.

६ मार्च, गुरुवार
सकाळी सव्वासातला दादाचा फोन. बाबा बेसिनपाशी पडले. समोरचा दात अर्धा तुटला, भुवईवर टाके पडले. संध्याकाळी कामावरून तशीच गेले, मशीन बरोबर होतंच. बाबा पलंगावर होते, डोक्याला पट्टी. मला पाहून उठू लागले. मी म्हटलं, उठू नका, हात द्या. १६२.

म्हणजे गोळी अजून कमी पडते आहे.

हे मी मोठ्याने म्हटलं. वहिनीने माझ्या हातातला कफ काढून घेतला आणि म्हणाली, वन्सं, आधी त्यांना विचारा दुखतंय का. मी विचारणारच होते. यादीत पुढे होतं.

विचारलं. बाबा म्हणाले, नाही गं, काही नाही.

डॉक्टरांनी आता दिवसभराचं मशीन बांधायचं ठरवलं आहे. दंडाला कफ, कमरेला डबी. दर थोड्या वेळाने आपोआप मोजतं, रात्रीही. मी पूर्ण पाठिंबा दिला. सतत एकशे साठच्या वर दिसेल आणि मग सगळे माफी मागतील. कोणत्या क्रमाने, ते ठरवायचं आहे.

१२ मार्च, बुधवार
इकडे मोठ्या बाईंचा नवा हुकूम. आता माणसं बदला. एक आठवडा हसरी दोन नंबरच्या खोलीत, मी एकमध्ये. सरासरी म्हणाला, कफ बदलले, मशीनं बदलली, खुर्च्या बदलल्या, आता तेवढंच उरलंय. म्हणताना माझ्याकडे बघत नव्हता. चोराच्या मनात चांदणं.

मी आनंदाने होकार दिला. माझ्या खोलीत शिरल्यावर तरी हसरीला खरं प्रेशर भेटेल.

खिडकीचा पडदा लावून घेतला. स्टूल नेलं.

१७ मार्च, सोमवार
बाबांना आज मशीन बांधलं. संध्याकाळी पाचला कामावरून परस्पर तिकडे गेले, पट्टा बरोबर बांधला आहे का बघायला. सैल होता. आवळला. दंड हृदयाच्या उंचीला ठेवण्याविषयी पुन्हा समजावलं. मी असतानाच मशीनने दोनदा मोजलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. साडेपाचला निघाले.

वहिनीने चहा विचारला नाही. मी घेतही नाही, पण विचारला नाही हे नोंदवते.

१९ मार्च, बुधवार
अदलाबदलीचा निकाल लागला.

दोन नंबरची खोली, हसरी : सरासरी १२९.
एक नंबरची खोली, मी : सरासरी १५६.

शक्यता :
अ) हसरीने माझ्या खोलीत जाऊन तीही बिघडवली.
ब) खिडकीजवळ प्रेशर वाढतं. पडदा लावलेला असला तरी.
क) या आठवड्यात योगायोगाने माझ्याकडे आजारी माणसं आली.

क) वर काम करायचं ठरवलं. सरासरी म्हणाला, मॅडम, आणखी एक शक्यता आहे. मी म्हटलं, लेखी दे. त्याने दिली नाही. हसरी मात्र आज हसली नाही. दारात उभी राहून म्हणाली, ताई, तो बस ड्रायव्हर आज माझ्याकडे फेरतपासणीला आला होता, खोली तीच बघून परतच चालला होता. मी विचारलं, मग? ती म्हणाली, मग मी सांगितलं की आज त्या नाहीत. बसला. एकशे चोवीस.

हे विज्ञान नाही. हे गावगप्पा आहेत.

२१ मार्च, शुक्रवार
डॉक्टरांनी बाबांचा आलेख टेबलावर पसरला. मी, दादा, वहिनी, बाबा. बाबांच्या भुवईवरचे टाके निघाले आहेत.

दिवसभर १०४, ९८, १०१. सकाळी उठल्यावर ८८. डॉक्टर म्हणाले, एवढ्या गोळ्यांवर हे उभे कसे राहतात, हेच नवल. पडणारच होते.

मग त्यांचं बोट आलेखाच्या मधल्या भागापाशी थांबलं. सपाट माळावर मध्येच एक मनोरा. १६६, १७१. आधीही काही नाही, नंतरही काही नाही. डॉक्टरांनी विचारलं, सोमवारी संध्याकाळी पाच ते साडेपाच काय झालं होतं?

बाबा म्हणाले, आठवत नाही. जिना चढलो असेन.

वहिनी म्हणाली, बाबा, तुम्ही त्या दिवशी खुर्चीतून हलला नाहीत. वन्सं आल्या होत्या.

बाबा म्हणाले, छे, त्याचा काय संबंध. पण ते माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणाले.

शक्यता :
अ) पट्टा आवळल्यामुळे.
ब)

२५ मार्च, मंगळवार
ब) सुचलेला नाही.

अ) तपासला. हसरीला न सांगता माझ्याच दंडावर पट्टा तेवढाच आवळून मोजलं. ११३.

मोठ्या बाईंनी बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाल्या, तुझ्या एक्केचाळीस जणांना आपण सगळ्यांना घरी दिवसभराचं मशीन बांधलं. सदतीस जणांचं प्रेशर ठीक आहे. त्यांच्या रक्तात काही नाही गं. ती साधी निरोगी माणसं आहेत, तुझ्यासमोर बसलेली.

मी म्हटलं, उरलेले चार?

त्या म्हणाल्या, त्यांना खरंच प्रेशर आहे, पण नवं, अवयवांपर्यंत पोचायच्या आतलं. त्या चौघांचं निदान आपल्याला वेळेत झालं, तेवढं तुझ्या बाजूला मांड.

मांडलं. अभेद्य गट : शून्य. फ्रीझरचं कुलूप काढलं. आत सगळं साधं रक्त.

१ एप्रिल, मंगळवार
मोठ्या बाई म्हणतात, यातून चांगला पेपर होईल, मोजणाऱ्या माणसामुळे आकडा किती चढतो याचा. एवढा स्वच्छ डेटा कोणाकडे नसेल, कारण एवढ्या सातत्याने कोणी करतच नाही. पेपर सरासरी लिहील. माझं नाव पहिलं टाकायला तो तयार आहे. पण पद्धतीच्या परिच्छेदात मी ‘मोजणारी व्यक्ती २’ असेन. दोन्हीकडे मीच. विचार करायला वेळ मागितला.

या वर्षी पहिलं नाव माझं असलेला एक पेपर. निश्चय पूर्ण होतो आहे, हे तांत्रिकदृष्ट्या खरं आहे.

सदतीस जणांना दिलेल्या चिठ्ठ्या मागे घ्यायच्या आहेत. त्यांच्या डॉक्टरांना मीच लिहीन म्हटलं. सगळ्यांना एकच मजकूर : मोजमापात चूक झाली होती. पहिल्या मसुद्यात ‘यंत्रात’ होतं. दुरुस्त केलं.

स्टूल परत मोडक्या सामानात ठेवलं.

६ एप्रिल, रविवार
दादाकडे गेले नाही. मशीन पिशवीत भरून ठेवलं होतं. काढून ठेवलं. दिवसभर ११० ते ११५. शांत आहे.

वहिनीचा फोन. मिठाची बाटली कुठे ठेवली आहे, एवढंच विचारायला. सांगितलं, माझ्याकडे, फडताळात. ती म्हणाली, राहू दे, नवी आणली. मग म्हणाली, गोळी एकावर आणलीय डॉक्टरांनी. सकाळी घर फिरत नाही आता त्यांचं. अर्ध्या दाताने हसतात सारखे. मी विचारलं, रीडिंग काय? मग मीच म्हटलं, राहू दे.

ठेवताना म्हणाली, पाच वाजले की मात्र दाराकडे बघतात हो.

याचे दोन अर्थ होतात. कोणता, ते विचारलं नाही.

८ एप्रिल, मंगळवार
बाबांना मेसेज लिहिला. पहिल्या मसुद्याला ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ होता. दुसऱ्यात आलेख जोडला होता. तिसरा पाठवला. तो असा :

बाबा,
तुमच्या गोळ्या माझ्या आकड्यांमुळे वाढल्या आणि त्यामुळे तुम्ही पडलात. आकडे बरोबर होते, पण ते तुमचे नव्हते. दात फार दुखला का, हे मी त्या दिवशी नीट विचारलं नाही.
येत्या रविवारी नुसती येऊ का? मशीन आणणार नाही. मीठ आणीन. समोर न बसता बाजूला बसेन.
नको असेल तर तसं सांगा, वाईट वाटून घेणार नाही. पण वहिनीकडून नको, तुम्ही स्वतः सांगा.
शुक्रवारपर्यंत कळवा.